सात नंबरची चावी

सोमवार, ३ सप्टेंबर २००७

आजपासून रोजनिशी. रोज. अपवाद नाही.

कारणही तसंच आहे. फेरी लेनवरच्या सात नंबरच्या घराच्या कमिटीत आज मला एकमताने घेतलं. सात नंबर म्हणजे आमच्याच शेजारचं. आमच्या किचनची भिंत ती त्यांच्या वर्कशॉपची भिंत. गेली दहा वर्षं आम्ही त्याला ‘ते पडकं’ म्हणत होतो. आता कळलं की ते ऐतिहासिक आहे. १७९० च्या सुमारास तिथे टोबायस लँग्रिश नावाचा एक कृष्णवर्णीय कारागीर राहायचा. कुणाचा गुलाम नव्हे, स्वतंत्र माणूस. पुढे दुकान, मागे वर्कशॉप, वर बिऱ्हाड. इंग्लंडात गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाल्याला यंदा दोनशे वर्षं झाली म्हणून कमिटीला ग्रँट मिळाली. घर पूर्वीसारखं करायचं आणि त्याच्या नावाने लोकांना खुलं करायचं.

माझं पद: की-होल्डर. चेअरमन, सेक्रेटरी येतात आणि जातात. चावी एकाच माणसाकडे असते.

मधुमती म्हणाली, अहो, शेजारी राहता म्हणून दिलीय. उद्या साडेसातला प्लंबरला दार उघडायला. माझ्या बायकोला संस्थात्मक दृष्टी नाही.

संकल्प: दाराशी जी पाटी बसेल तिच्यावर संस्कृत श्लोक. साक्षात विश्वकर्म्याच्या परंपरेतला माणूस. त्याचं इंग्रजीत किती सांगणार? अनुष्टुभ, चार चरण. रविवारपर्यंत.

मंगळवार, ४ सप्टेंबर, सकाळी ७.३५

प्लंबर आला. दार उघडलं.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

पहिला चरण झाला. ‘टोबायसो महाशिल्पी.’ आठ अक्षरं, लघु-गुरु चोख. जणू बारशाच्या दिवशी कुणी छंद बघूनच नाव ठेवलं होतं. आडनाव मात्र कुठल्याच छंदात बसत नाही. बघू.

पाऊण काम झाल्यासारखंच आहे. सुरुवात अवघड असते.

शनिवार, १५ सप्टेंबर

मध्ये रोजनिशी राहिली. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, मग छपरावाला, मग त्या छपरावाल्याची तक्रार करायला आलेला दुसरा छपरावाला. प्रत्येकाला दार. हॉस्पिटलच्या आयटीत मी पंचवीस माणसांचा मॅनेजर आहे, पण सकाळी साडेसात ते नऊ मी कुलूप आहे.

आज इन्शुरन्सवाल्यांचं पत्र आलं. की-होल्डर कायम वीस मिनिटांच्या अंतरात हवा. हा मान मोठा आहे, पण आज गणपती आणि लंडनला वेम्बलीच्या आरतीला जायचं ठरलेलं. साउथहॅम्प्टनहून वेम्बली वीस मिनिटांत होत नाही. मधुमती आणि आमची मुलगी तनू गेल्या. मी घरी. दुपारी मायक्रोवेव्हमध्ये कालची भाजी. किल्लेदाराला गड सोडता येत नाही.

गुरुवार, २० सप्टेंबर

मोठी बातमी. मागच्या खोलीतली खोटी भिंत काढली आणि आत वर्कबेंच निघाला. लँग्रिशचा. खाली टी. एल. कोरलेलं. शेजारी लाकडी पेटीत रंधे, पटाश्या, करवत, गुण्या. दोनशे वर्षं अंधारात.

हेलन आली. ही जुन्या वस्तू जतन करणारी तज्ज्ञ; बोलते हळू, पण ऐकावं लागतं. निळे हातमोजे घालून तिने बेंचकडे अर्धा तास नुसतं पाहिलं आणि मग सगळ्यांना सांगितलं, कुणीही, कशालाही, कधीही हात लावायचा नाही. माझ्याकडे बघून परत एकदा सांगितलं. मी मान डोलावली. हे बाकीच्यांना ऐकू जावं म्हणून माझ्यामार्फत सांगितलं असणार.

शनिवार, २२ सप्टेंबर

कार्डिफहून मिसेस ऑलिव्ह प्रोसर आल्या. वय एकाहत्तर, निवृत्त वॉर्ड सिस्टर, आणि टोबायस लँग्रिशच्या थेट वंशज. पणजीच्या पणजीच्या पुढे कुठेतरी. दोन गाड्या बदलून आल्या. त्यांच्या घरात टोबायसचं नाव एवढंच उरलं होतं. ना चित्र, ना पत्र, ना थडगं.

बेंचसमोर उभ्या राहिल्या. हात पाठीमागे धरलेले, सांगितल्याप्रमाणे. मग मला म्हणाल्या, चावी तुमच्याकडे का? मी म्हणालो, हो. म्हणाल्या, मग सांभाळा हो त्याला, माय लव्हली.

मी भरून येऊन म्हणालो, माझ्या प्राणापलीकडे. इंग्रजीत ते जरा जास्त वाटलं.

शनिवार, २० ऑक्टोबर, सकाळी ११

श्लोक अजून पहिल्याच चरणावर. पण आज खंडेनवमी.

सकाळी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, गाडीला वाहिलं, मधुमतीच्या मिक्सरला वाहिलं. मग मनात आलं: भिंतीपलीकडे खरीखुरी हत्यारं पडलीत. ज्या हत्यारांवर एक माणूस परक्या मुलुखात ताठ मानेने जगला, त्यांना दोनशे वर्षांत कुणी एक फूल वाहिलं नाही. आणि मी इथे मिक्सरला वाहतोय.

मधुमती म्हणाली, नमस्कार इथूनच करा, भिंतीतून पोचतो. मी म्हणालो, पाच मिनिटं. ती म्हणाली, हेलन काय म्हणाली होती? मी म्हणालो, हेलन हात लावू नका म्हणाली, पूजा करू नका असं कुठे म्हणाली?

मूठभर हळद, चिमूटभर कुंकू, अक्षता, वेम्बलीचा झेंडू. निघालो.

त्याच दिवशी, दुपारी १२.१५

पूजा उत्तम झाली. रंधा, पटाशी, करवत, सगळ्यांना एकेक टिकली. चित्त अगदी प्रसन्न. शेवटी बेंचपुढे गुडघे टेकून नमस्कार केला. उठताना डावा गुडघा अडला. तेव्हा आधारासाठी हात टेकवावा लागला.

बेंचवर.

हळदीचाच हात. आख्खा पंजा, पाच बोटं.

हत्यारांवरचं कुंकू कोरडं होतं, फुंकर मारली आणि गेलं. पंजा ओल्या रुमालाने पुसला. जवळजवळ गेला. चिंता नाही.

रविवार, २१ ऑक्टोबर, दसरा

जाऊन पाहिलं. ओला रुमाल फिरवल्याने हळद लाकडात उतरली आहे. फिकट आहे, पण आहे. सोनं द्यायला आलेल्या लोकांपुढे माझं लक्ष नव्हतं.

निर्णय: उद्या सकाळी हेलनला स्पष्ट सांगायचं. शुभस्य शीघ्रम्.

सोमवार, २२ ऑक्टोबर

साडेआठला दार उघडलं. सांगणार होतो, पण तिच्या हातात कॉफी होती. गरम कॉफी हातात असताना माणसाला धक्का देऊ नये. म्हटलं पाच मिनिटांनी.

पाच मिनिटांनी ती आतून ओरडली. तिने जुने डाग शोधायचा तो जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च बेंचवर मारला होता. त्या प्रकाशात हळद जी काय पेटते! पाची बोटं, तळव्याच्या रेषा, सगळं सोन्यासारखं झळझळत होतं. हेलन, जी हळू बोलते, ती माझा दंड धरून म्हणाली, श्रीनिवास, त्याचा हात. हा त्याचा हात आहे.

वर म्हणाली की त्या काळातले कारागीर साध्या लाकडाला पिवळी झाक आणायला हळद वापरत, म्हणजे हे जुळतंच. मला हे माहीत नव्हतं. हळदीचा हा उपयोग आपल्याकडेही कुणी लिहून ठेवायला हवा होता.

एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला मध्येच कसं थांबवणार? संध्याकाळी सांगू.

संध्याकाळी ती लवकर गेली.

बुधवार, २४ ऑक्टोबर

हेलनने विचारलं, तुम्ही भारतीय, तुम्हाला माहीत असेल. अंधारात हळद दोनशे वर्षं टिकेल? मी म्हणालो, माझ्या आईच्या पाककृतींच्या वहीवर १९६२ सालचा डाग अजून आहे. यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी असत्य बोललो नाही. तिने ते वहीत टिपून घेतलं, खाली माझं नाव लिहिलं.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

उपाय सापडला! हळदीचा डाग उन्हात जातो. आपल्याकडे कुठल्याही बाईला विचारा. पिवळा टॉवेल दोन दिवस दोरीवर टाकला की साफ. खिडकीची झडप उघडी ठेवायची, आठवड्यात पंजा नाहीसा, मग हेलनला वाटेल की हवा लागून उडाला. कुणाला दुःख नाही, कुणाला दोष नाही.

उद्यापासून सकाळी सातला झडप उघडायची.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

सहा दिवसांत सूर्य एकदा. मंगळवारी, अकरा ते अकरा दहा.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

झडप उघडी दिसल्यावर हेलन संतापली. हळू आवाजात. प्रकाशाने रंग उडतो हे कुणाला कळत नाही का, म्हणाली. मी म्हणालो, कामगार लोक, काय सांगायचं. आता खिडकीला काळा पडदा, आणि तो रोज तपासायची जबाबदारी की-होल्डरची.

म्हणजे तो पंजा जाऊ नये याची राखण आता मीच करतो.

सोमवार, ५ नोव्हेंबर

कमिटीची मीटिंग. नवीन विषय: भारतीय संबंध. हळद पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांतून यायची, तेव्हा टोबायस कदाचित भारतात जाऊन आला असेल, असं चेअरमनना वाटतं. त्यावर एक वेगळा बोर्ड. मजकूर एकशेवीस शब्द. लिहायला योग्य माणूस कोण यावर चर्चा झाली नाही, सगळे माझ्याकडेच वळले. बोर्डाखाली माझं नाव, पदासह.

दोन महिने हेच तर हवं होतं. घरी आलो, जेवलो नाही.

मधुमती म्हणाली, अहो, सांगून टाका. दिवसाला एकेक विटेने भिंत उंच करताय, मग उतरणार कुठून? तनू सोफ्यावरून म्हणाली, बाबा, तुझा हळद आता फुल सेलिब्रिटी झाला. सतरा वर्षांची झाली तरी हळदीचं लिंग येत नाही. तिला रोज अर्धा तास मराठी शिकवायचा संकल्प.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

कबुलीजबाब लिहायला घेतला. ईमेल. पहिला मसुदा: ‘सदर हळद नंतरच्या काळात तेथे आणली गेली असण्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही.’ सुटसुटीत वाटलं. मधुमतीला वाचून दाखवलं. ती करंज्या तळत होती. म्हणाली, कोणी आणली गेली? मांजराने?

दुसरा मसुदा जास्त स्पष्ट केला. त्यात खंडेनवमीची पार्श्वभूमी, शस्त्रपूजेचं मूळ, नवरात्राचं खगोल. चार पानं झाली. पंजाचा उल्लेख पाचव्या पानावर येणार होता.

रविवार, १८ नोव्हेंबर

मिसेस प्रोसर यांचा फोन. हेलनने त्यांना पंजाचा फोटो पाठवला होता. त्यांनी तो मोठा करून आणलाय, खऱ्या मापाचा. चारही नातवंडांनी त्यावर आपापला हात ठेवून पाहिला. सगळ्यात मोठ्याचा जवळजवळ जुळला म्हणाल्या. त्यांच्या चॅपलमध्ये प्रार्थनेनंतर सांगितलं, तेव्हा दोन बायका रडल्या. म्हणाल्या, नावापलीकडे काहीच नव्हतं हो आमच्याकडे, आता हात आहे.

एक डिसेंबरला उद्घाटनाला येतायत. हेलनने त्यांच्यासाठी खास परवानगी काढलीय: एकदाच, हातमोजा काढून, त्या पंजावर आपला पंजा ठेवायचा.

मी म्हणालो, वा.

फोन ठेवल्यावर बराच वेळ आपला उजवा हात बघत बसलो. साधा हात आहे. करंगळी जरा वाकडी.

काहीही झालं तरी एक तारखेच्या आत त्यांना सांगायचं. हेलनला नाही सांगितलं तरी चालेल, पण या बाईने माझ्या पंजावर हात ठेवता कामा नये.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

अजून आख्खा एक दिवस आहे.

शनिवार, १ डिसेंबर, सकाळी १०.०५

स्टेशनवर आणायला मीच जातो असं सांगितलं. गाडीत आम्ही दोघंच. सांगायला पंधरा मिनिटं.

११.२०

सोबत मोठा नातू होता. नातवासमोर नको.

११.४०

नातू बाहेर फोटो काढायला गेला. तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, तुम्ही दमलेले दिसता, नीट झोपता का? नाडी बघू म्हणाल्या. बघितली. जोरात चाललीय म्हणाल्या. तोवर चेअरमन आले.

संध्याकाळी ५

भाषणं झाली. मग सगळे मागच्या खोलीत. हेलनने काळा पडदा लावून दिवे घालवले आणि टॉर्च पेटवला. पंजा झळकला. कुणीतरी दीर्घ श्वास घेतला. मिसेस प्रोसर यांनी हातमोजा काढला. हात पुढे केला. लाकडापासून वीतभर अंतर राहिलं असेल.

तो मी आहे, असं मी म्हणालो.

कुणालाच कळलं नाही. परत म्हणालो. तो हात माझा आहे, ऑक्टोबरमधला.

मग सगळं बोललो. खंडेनवमी, हळद, झेंडू, गुडघा. इंग्रजीत खंडेनवमी म्हणजे काय हे सांगायला मी चार पानं घेतली होती. प्रत्यक्षात एक वाक्य पुरलं: आमच्याकडे वर्षातून एकदा कामाच्या हत्यारांना नमस्कार करतात, आणि याच्या हत्यारांना कुणी केला नव्हता.

हेलनने टॉर्च बंद केला. त्या अंधारात ती काय म्हणाली ते लिहीत नाही. तिने या पंजावर मागच्याच आठवड्यात चाळीस तज्ज्ञांपुढे व्याख्यान दिलं होतं. आता तिला चाळीस पत्रं लिहायची.

दिवे लागले तेव्हा मिसेस प्रोसर हातमोजा परत घालत होत्या. एकेक बोट. मला वाटलं, ओरडतील. त्या म्हणाल्या, कुठला गुडघा? मी म्हणालो, डावा. म्हणाल्या, किती दिवस दुखतोय? मी म्हणालो, दोन वर्षं. म्हणाल्या, दाखवून घ्या. मग नातवाला म्हणाल्या, चल, घरी जाऊन आता बाकीच्या तिघांना आणि सगळ्या चॅपलला सांगायचंय. नातवाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

एकंदरीत बरं झालं. मन मोकळं झालं. जेवण गेलं नाही.

मंगळवार, ४ डिसेंबर

राजीनामा लिहिला. भारदस्त, पण कटुता नाही. चावी पाकिटात घातली. उद्यापासून सकाळी साडेसातला झोपलेला असणार. जानेवारीत पुणे. वीस मिनिटांचं अंतर गेलं खड्ड्यात.

मधुमती म्हणाली, स्वीकारू दे आधी. मी म्हणालो, ते लोक वाटच बघत असतील.

गुरुवार, १३ डिसेंबर

पत्र आणि पाकीट दोन्ही परत. पाकिटात चावी.

कमिटी राजीनामा आनंदाने स्वीकारणार होती, तसं स्पष्ट लिहिलंय. पण मिसेस प्रोसर यांचं पत्र गेलं. त्यांचं म्हणणं: पंजा निघणार नाही असं हेलन म्हणते, तेव्हा तो राहू दे. त्याच्यापुढे बोर्ड लावायचा नाही. घर शनिवारी उघडं असेल. दर शनिवारी त्या गृहस्थांनी बेंचपाशी उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते काय आहे आणि कुणाचं आहे हे आपल्या तोंडाने सांगायचं. किती दिवस, ते मी कळवीन. मला चॅपलमध्ये सत्तर लोकांना सांगावं लागलं, आणि त्यातले दोन अजून माझ्याशी बोलत नाहीत.

खाली एक ओळ: गुडघा दाखवला का?

तनूला पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, बाबा, म्हणजे तू एक्झिबिट झालास. या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

शनिवार, ५ जानेवारी २००८

पहिला शनिवार. सात लोक. सात वेळा सांगितलं. हळूहळू यातही एक शैली आणता येईल. संकल्प: निवेदनात संस्कृतचा थोडा वापर. श्लोकाचे उरलेले तीन चरण उभ्याउभ्या करायचे.

शनिवार, १९ जानेवारी

दहा ते चार. पाऊस. आलेले: पाच. पूर्वी अकरा मिनिटं लागायची, आता सहांत बसतं. गुडघ्याला लोक हसतात, टॉर्चला गप्प होतात, हातमोज्याला एखादी बाई डोळे टिपते. एक बाई नुसत्या टॉयलेट कुठे म्हणून विचारायला आल्या होत्या, त्यांनाही सांगितलं.

सव्वातीनला एक म्हातारे गृहस्थ. आयुष्यभर बोटींवर सुतारकाम केलेले. ओली टोपी हातात धरून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, एकदाही घड्याळ पाहिलं नाही. असा श्रोता दुर्मीळ. मी दोन संस्कृत शब्दसुद्धा घातले.

संपल्यावर म्हणाले, बरं. आणि हा माणूस बनवायचा काय?

मी म्हणालो, फर्निचर.

म्हणाले, हो हो, पण काय? कपाटं? पलंग? शवपेट्या?

मी म्हणालो, हेलनला विचारून सांगतो. त्यांनी टोपीने माझ्या मागे दाखवलं. तिथे टोबायसच्या कामाबद्दलचा बोर्ड होता. उद्घाटनापासून आहे. मी बेंचकडे तोंड करून उभा राहतो, त्यामुळे पाठ तिकडे असते. त्यांच्याकडे चष्मा नव्हता, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवलं. खुर्च्या. हलक्या, उंच पाठीच्या, खिळा एकही नाही, सगळे सांधे एकमेकांत बसवलेले. अशा सहाच उरल्यात. त्यांतल्या चार आपल्या गावातल्या चर्चमध्ये, आणि लोक अजून त्यांवर बसतात.

त्या चर्चवरून माझी बस दहा वर्षं रोज जाते.

म्हातारबुवा म्हणाले, ते चारपर्यंत उघडं असतं, मी निघालो बघायला, येता का? मी म्हणालो, चारपर्यंत मला इथून हलता येत नाही.

चारला कुलूप लावून गेलो. चर्चचं दार लागलेलं होतं. खिडकीतून पाहिलं, काही दिसलं नाही.